फर्स्ट क्लासमधलं कच्चं केळं

विमानात पाऊल न ठेवता मी विमानाच्या फर्स्ट क्लासमधून अकरा वेळा प्रवास केला आहे. हे वाक्य वाचून ज्यांना उठून जायचं असेल त्यांनी खुशाल जावं. धुळ्याला असंच काहीसं बोललो तेव्हा निम्मं सभागृह उठून उभं राहिलं होतं. मी घोटभर पाणी प्यायलो आणि पुढचं वाक्य बोललो.

सत्तर साल उजाडायच्या मागच्यापुढच्या वर्षांतली ही हकिकत. जळगाव स्टेशनाजवळ एका लाकडी जिन्याच्या टोकाला आमचं तिकिटांचं ऑफिस होतं. यात्रेच्या बसगाड्या, रेल्वेची आरक्षणं, आणि वर्षातून चारसहा वेळा मुंबईला ट्रंक कॉल लावून काढलेलं विमानाचं तिकीट. मालक दुपारी घरी झोपायला जायचे आणि बहुधा दुसऱ्या दिवशी उठायचे, त्यामुळे ऑफिस म्हणजे मीच. ट्रंक कॉलवर मी इतक्या जोरात बोलायचो की फोन लागला नाही तरी मुंबईला ऐकू जात असणार, असं खालचा पानवाला म्हणायचा.

विमानानं जाणारी मंडळी ठरलेली होती. राजस्थानातून येऊन दोनतीन पिढ्या आमच्याकडे रुजलेली व्यापारी घराणी. कापड, सरकी, डाळ. त्यांच्या सोयरिकी थेट कलकत्त्याला. मुंबईहून कलकत्त्यावरून पुढे परदेशी जाणारं एक मोठं जेट असायचं, आणि त्याच्या नाकाशी फर्स्ट क्लास. घरात लग्न निघालं, अंगात घाई आणि हौस दोन्ही एकदम आल्या, की एखादे शेटजी त्यात बसायचे.

आणि सांगतो, फर्स्ट क्लासनं जाणारा माणूस हा जगातला सगळ्यात निकामी साक्षीदार. परत आल्यावर विचारावं, "शेटजी, कसं होतं?" तर उत्तर, "बसलो. उतरलो." अरे माणसा! तू ढगांच्या वर बसून काटाचमच्यानं जेवलास, आणि "बसलो, उतरलो"? आमच्याकडे एरंडोलपर्यंत एसटीत खिडकीची जागा मिळाली तर माणूस आठवडाभर त्यावर गावजेवण घालतो. इतका मोठा प्रवास वाया जात होता. मला ते बघवेना.

म्हणून मी त्यांना धरायला लागलो. चहा मागवायचा, समोर बसवायचं आणि उलटतपासणी सुरू. खुर्ची मागे किती झुकते? रुमाल गरम देतात की थंड? हवाई सुंदरीनं पहिला शब्द काय उच्चारला? कानात दडे बसले तेव्हा शेजारच्यानं काय केलं? तासाभरात शेटजी घामाघूम व्हायचे आणि मला अख्खं विमान मिळायचं. मग मी शंभर पानी वहीत वृत्तांत लिहायचो. "शेटजी म्हणाले की" असं लिहून पाहिलं, तर ते पोलिसातल्या जबानीसारखं वाचलं जाई. म्हणून मी लिहिलं, "मी खुर्चीत बसलो." मी बसलो होतो असं माझं म्हणणं नव्हतं. नव्हतो बसलो असंही मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही, तर काय करणार?

वही वाचनालयात ठेवली आणि ती उडाली. जळगावहून भुसावळला गेली, तिथून दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत. तिथल्या कुणा इंजिनियरनं समासात पेन्सिलीनं हिशेब मांडला की मी लिहिलेल्या उंचीवर माझा चहा कपात शिजूच शकत नाही. खाली दुसऱ्या अक्षरात उत्तर, "साहेब, चहा खालूनच शिजवून नेतात." सोनगीरला वही बसच्या कंडक्टरच्या पिशवीतून पोचायची. पिंपळनेरच्या एका मास्तरांनी तर शेरा दिला, "ढग कमी करावेत, जेवण वाढवावे." मी लगेच वाढवलं. आमच्या मुलखात दहा माणसंसुद्धा त्या खुर्चीत बसली नव्हती, पण ती खुर्ची किती अंश मागे झुकते हे साक्रीच्या शेतकऱ्याला तोंडपाठ होतं.

हे सगळं सुखात चाललं होतं. मग दादीजी कलकत्त्याहून परत आल्या.

एका जैन व्यापारी घराण्यातली सत्तरीला टेकलेली बाई. सगळं जळगाव त्यांना दादीजीच म्हणायचं. नातीच्या लग्नासाठी मुलाबरोबर फर्स्ट क्लासनं गेल्या होत्या. मुलगा पलीकडच्या खुर्चीत डोळे गच्च मिटून मुंबई ते कलकत्ता नवकार मंत्र जपत होता, तेव्हा तो साक्षीदार म्हणून बाद. दादीजी मात्र लहान मुलीसारख्या टक लावून बघत गेल्या होत्या. एक दिवस स्वतःच लाकडी जिना चढून आल्या.

"तू लिहितोस ना विमानाचं? मग माझंही लिही. पण आधी बायका बायका बोलतात तसं विचार. शेटांना विचारतोस तसं नको."

असा प्रवासी मला पुन्हा मिळाला नाही. हवाई सुंदरीच्या साडीची निरी कुठल्या बाजूला होती इथपासून त्यांना आठवत होतं. मी लिहीत गेलो, लिहीत गेलो, आणि जेवणाशी आलो.

"माझं माझं होतं," त्या म्हणाल्या. "खाखरे, मेथीच्या पुऱ्या, डब्यात उकळलेलं पाणी. पण त्या पोरीनं फार आग्रह केला रे. शाकाहारीच आहे म्हणाली. कटलेट होतं. आपल्या घरी करतो तसंच, कच्च्या केळ्याचं. पण आपल्याहून छान! मी आणखी दोन मागून घेतली."

यात काही नवल नव्हतं. त्यांच्या घरात जमिनीखाली उगवलेलं काहीच शिजत नसे. कांदा नाही, मुळा नाही, बटाटा तर नाहीच. वडा असो, भजी असो, कटलेट असो, बटाट्याच्या जागी कच्चं केळं. त्यामुळे कटलेट म्हटलं की केळं, हे त्यांना सूर्य पूर्वेला उगवावा तसं होतं.

पण माझी सवय वाईट. मी विचारलं, "आत कसं होतं?"

"पांढरं."

"चिकट?"

"छे रे, भुसभुशीत. बोट लावलं की सुटायचं."

"थोडी काळपट छटा?"

"दुधासारखं होतं, सांगते ना."

माझी पेन्सिल थांबली. केळीच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. कच्चं केळं शिजलं की चिकटतं, करडं पडतं, बोटाला धरून राहतं. ते भुसभुशीत होत नाही आणि दुधासारखं तर मेलं तरी होत नाही. हे मला ठाऊक होतं, आणि पन्नास वर्षं केळी उकडणाऱ्या दादीजींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. फक्त त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी माझ्या पेन्सिलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"केळं नव्हतं का रे ते?"

जन्मभर थापांवर जगलेला माणूस मी. तापीला पूर आला तेव्हा मी म्हशीच्या पाठीवर बसून भुसावळचा पूल ओलांडला हे लोकांना शपथेवर पटवून दिलेलं आहे. पण त्या क्षणी मला एकसुद्धा थाप सुचली नाही.

दादीजी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "हे लिहू नकोस."

"नाही लिहीत."

जिना उतरता उतरता वळून म्हणाल्या, "चांगलं लागलं रे. तेच तर वाईट."

मी शब्द पाळला. आता शब्द पाळायचा तर कटलेट गाळूनही चाललं असतं. शहाण्या माणसानं गाळलं असतं. पण मला वाटलं, गाळलं तर तिथे भोक दिसेल, आणि भोक दिसलं की कुणीतरी बोट घालेल. म्हणून मी ते केळ्यानं बुजवलं, आणि माझा स्वभाव असा की बुजवलं ते पार वर ढीग होईपर्यंत. लिहिलं, "तीस हजार फुटांवर मी कच्च्या केळ्याचं कटलेट खाल्लं. पहिल्या घासालाच ओळखलं, हे केळं रावेरकडचं!"

पुढे जे झालं त्याला मी एकटा जबाबदार नाही. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांनी ते पान फाटेपर्यंत वाचलं. आपलं केळं रेल्वेच्या वाघिणीतून दिल्लीला जातं एवढंच त्यांना माहीत होतं. ते फर्स्ट क्लासमध्ये बसून जेवणात येतं हे नवीन होतं. एकानं केळ्यांचा अख्खा घड वाचनालयाच्या दारात आणून ठेवला आणि ग्रंथपालाला सांगितलं, "विमानवाल्या भाऊंना द्या, म्हणावं लिहीत राहा." त्या घडामुळे बातमी धुळ्याला गेली, आणि धुळ्याला गुरुजी होते.

गुरुजी म्हणजे निवृत्त हेडमास्तर, तिथल्या वाचनालयाचे कार्यवाह. सरळ माणूस, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही वाकडं बोललो तर कापून घ्या. त्यांच्या नात्यातल्या कुणीतरी मुंबईहून त्याच विमानातलं छापील जेवणाचं कार्ड पाठवलं. त्यात स्वच्छ छापलेलं होतं, आलू कटलेट. गुरुजींनी मला पत्र टाकलं. येत्या रविवारी वाचकांसमोर यावं आणि खुलासा करावा. खुलासा नसेल तर वहीच्या पहिल्या पानावर "हे सर्व काल्पनिक असून वाचकांची क्षमा मागतो" असं लिहून सही करावी.

रविवारी सकाळच्या बसनं निघालो. कंडक्टर नेमका वही पोचवणारा निघाला.

"कथा चालना भाऊ?"

"धुळ्याला. माफी मागायला बोलावलंय."

"मांगशी का?"

"नाही."

त्यानं टिकटिक करून दोन तिकिटं फाडली. "मंग येवानं तिकीट बी आताच ले. तुले तठे जास्ती येळ लागाव नही." मग शेजारी टेकून हळूच, "भाऊ, हाई बठ्ठं खरं शे का? मन्ही बायको रोज इचारस."

"तिला काय वाटतं?"

"तिले तं खरंच वाटस."

"मग खरं."

सभागृह भरलेलं होतं. मी एवढी माणसं धुळ्यात फक्त सर्कशीत पाहिली होती. गुरुजींनी कार्ड उंच धरून वाचलं. खाली ठेवलं. चष्मा पुसला.

"आपण या विमानात बसला होता का? हो किंवा नाही."

"नाही. मी कुठल्याच विमानात बसलेलो नाही. पण फर्स्ट क्लासनं जाऊन आलोय."

इथेच ते निम्मं सभागृह उठलं. कुणी म्हणालं चोर, कुणी म्हणालं लबाड, मागून एक जण ओरडला, "मग ती खुर्ची झुकते का नाही ते तरी सांगा!"

गुरुजींनी हात वर केला. "मग वहीतला 'मी' कोण?"

"ज्याला सांगता येत नाही तो. तो बसतो, उतरतो, घरी जातो. मी त्याच्या मागे जाऊन त्याचं सांडलेलं गोळा करतो. त्यात तुमचं काय गेलं?"

"सत्य गेलं," गुरुजी म्हणाले. आणि मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं, "हे पाहा, तुम्ही हुशार आहात. कुणाकडून तरी ऐकून लिहिलंत, समजू शकतो. ज्यांनी सांगितलं त्यांचं नाव घ्या. मी स्वतः जाऊन विचारतो. ते म्हणाले केळं, तर मी इथेच तुमची क्षमा मागेन. सांगताना आपणच चुकलो असं ते म्हणाले, तर चूक त्यांची, तुमची नाही. एका नावात सुटाल."

माझी मान इतक्या सोप्या रीतीनं पुन्हा कधीच सुटणार नव्हती. फक्त एक नाव. नाव कशाला, "एक म्हातारी जैन बाई" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्या वर्षी खानदेशातून फर्स्ट क्लासनं कलकत्त्याला गेलेली म्हातारी बाई एकच होती. संध्याकाळच्या आत जळगावातल्या प्रत्येक चुलीपुढे बटाटा पोचला असता.

मी म्हणालो, "कुणाचंही नाव नाही. आणि ते केळंच होतं."

"कार्ड खोटं?"

"कार्ड छापणारा विमानात बसत नाही, गुरुजी. त्या बाबतीत तो आणि मी सारखेच."

लोक हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी वही उघडली, लाल शाई घेतली आणि केळ्याच्या पानावर मोठ्या, वळणदार अक्षरात लिहिलं: "असत्य. वाचू नये." मला धुळ्याच्या वाचनालयात बंदी झाली. आठवड्यात जळगावच्या वाचनालयानंही त्यांचं अनुकरण केलं. वही तिकडेच कपाटात गेली.

माझं काय गेलं हे सांगतो, म्हणजे मी नुसताच मजेत होतो असं वाटायला नको. ऑफिसात येणारे शेटजी आता चहाला बसेनात. "नको रे बाबा, तू आमच्या तोंडी काहीही घालशील." मला दुसरं काही येत नव्हतं. माझ्याकडे ना शेत, ना दुकान, ना डिग्री. माझ्याकडे ते ऐकणं आणि लिहिणं होतं, आणि तेच माझ्या हातातून काढून घेतलं होतं. पण रस्त्यात कुणी विचारलं, "काय हो, बटाटा का केळं?" तर मी छाती काढून सांगायचो, "केळं!" रोज सांगायचो. शेवटी शेवटी माझं मलाच पटायला लागलं होतं.

दोन आठवड्यांनी दादीजींच्या सुनेचा निरोप आला, घरी या. गेलो. दादीजी पाटावर बसल्या होत्या, चेहरा उतरलेला, पण आवाज तोच.

"आमच्या जैन स्थानकात प्रवचनाला बायका बोलत होत्या, तुझ्या केळ्याचं. मी ऐकलं. तिथेच महासतींसमोर, आमच्या साध्वींसमोर, उभी राहिले आणि सांगितलं, तो बटाटा मी खाल्ला. तीन दिवसांचा उपवास घेतला, काल सोडला. आता तू लिही. बटाटा."

दाराआड सुना उभ्या होत्या. एकीनं डोळ्याला पदर लावला होता आणि दुसरी, खोटं कशाला बोलू, हसू दाबत होती.

"दादीजी, तुम्ही कशाला?"

"माझ्यासाठी तू खोटारडा ठरलास. हे मला चालायचं नाही."

"मी तुमच्या कितीतरी आधीपासून खोटारडा आहे."

"ते तुझं तू बघ. पण माझ्या नावानं नाही." आणि त्यांनी सुनेला बसवून गुरुजींना पत्र सांगितलं. "त्या माणसानं माझं झाकण्यासाठी एक शब्द बदलला, बाकी अक्षर न् अक्षर मी पाहिलेलं आहे." खाली डुगडुगत्या अक्षरात स्वतः सही केली.

चौथ्या दिवशी आमच्या लाकडी जिन्यावर पावलं वाजली. पाहतो तर गुरुजी! धुळ्याहून एसटीनं, काखेत माझी वही. धापा टाकत खुर्चीत बसले आणि मी चहा मागवायच्या आतच बोलले.

"मी क्षमा मागायला आलोय. तुम्ही नाव घेतलं नाहीत, ते मोठं केलंत. बंदी उठवतो, मी जळगावलाही सांगतो. लाल शेराही स्वतःच्या हातानं खोडतो. फक्त तुम्ही तिथे केळं खोडून बटाटा लिहा. आता तर त्यांचीच परवानगी आहे."

त्यांनी वही उघडून टेबलावर ठेवली. पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. इतका सज्जन माणूस, इतक्या लांबून आलेला. वाचनालय परत, शेटजी परत, चहा परत. मी पेन हातात घेतलंसुद्धा.

आणि ठेवून दिलं.

"नाही लिहीत, गुरुजी."

"का? आता कुणाला वाचवताय?"

"कुणालाच नाही. पण वहीत तसं घडलेलंच नाही. ही स्वयंपाकघराची वही नाही, प्रवासाची आहे. ती बाई तीस हजार फुटांवर बसली, तिनं केळं समजून घास घेतला, केळं म्हणून चावला, केळं म्हणून तिला तो गोड लागला, केळं म्हणून तिनं आणखी दोन मागितली. तिच्या प्रवासात बटाटा कुठेच नव्हता. विमानात तिनं केळंच खाल्लं."

"आणि बटाटा?"

"बटाटा तिनं इथे खाल्ला. तुम्ही बसलात त्या खुर्चीत. मी विचारलं म्हणून. मी तोंड मिटून बसलो असतो तर तो तिच्या पोटात कधीच गेला नसता. तो बटाटा मी वाढलेला आहे, गुरुजी. तो मी विमान कंपनीच्या नावावर घालणार नाही."

खाली रेल्वेचं इंजिन फुसफुसत होतं. गुरुजींनी पेनाला टोपण लावलं.

"असं असेल तर माझा शेरा मला खोडता येणार नाही."

"खोडू नका."

"बंदीही राहील."

"राहू द्या. मी काय आत येऊन वाचणारा आहे? मी लिहिणारा आहे."

चहा आला. तो मात्र त्यांनी घेतला, दोन कप घेतला. जाताना वही माझ्याकडेच ठेवून गेले. त्यानंतर चुकून चहाला बसलेल्या शेटजींना धरून मी आणखी चार वृत्तांत लिहिले, वाचनालयांच्या नाकावर टिच्चून, त्याच वहीत, त्याच "मी"मध्ये. कंडक्टरच्या पिशवीनं ते सोनगीरला नेले, धुळ्यालाही नेले. वही आज माझ्यासमोर उघडी आहे. त्या पानावर गुरुजींची लाल शाई आहे आणि तिच्या खाली माझं केळं आहे. ज्याला पटत नसेल त्यानं यावं, माझ्यासमोर बसावं. खोडायला मी कुणालाच देणार नाही.